व्हॉट्सॲप बिझनेस आणि एक गुगल शीट: चटणी-फराळाच्या घरगुती धंद्यात दीड वर्ष वापरून लिहितेय

मी सांगलीची. घरून कांदा-लसूण चटणी, दिवाळीचा फराळ, रुखवताचे पदार्थ आणि उन्हाळ्यात कुरडया-सांडगे असा आमचा धंदा आहे, मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई मिळून करतो, तळणाच्या दिवसांत दोघी-तिघी बायका मदतीला येतात. नऊ वर्षं झाली. बचत गटातल्या बायका सारखं विचारतात की ताई मार्केटिंगला काय वापरता, कुठली एजन्सी लावली, आणि फोनवर पाच मिनिटांत ते काही सांगून होत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. जे वापरते ते फुकट आहे. व्हॉट्सॲप बिझनेस ॲप आणि त्याच्या जोडीला एक गुगल शीट. बास. पण फुकट म्हणजे बिनकष्टाचं नाही, त्यात आमचे तीन आठवडे गेलेत, ते पण सांगते.

आधी हे का घ्यावं लागलं ते सांगते, कारण माल चांगला असला की लोक आपोआप येतात असंच मलाही सात-आठ वर्षं वाटत होतं.

२०२४ ची दिवाळी. त्याच्या आदल्या वर्षी मी फराळाचा मेसेज १५ ऑक्टोबरला टाकला होता, चांगल्या ऑर्डरी आल्या, म्हणून फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवला की दर वर्षी १५ ऑक्टोबर. २०२३ ला वसुबारस होती ९ नोव्हेंबरला, म्हणजे लोकांना पंचवीस दिवस मिळाले होते. २०२४ ला वसुबारस आली २८ ऑक्टोबरला. मेसेज गेला १५ लाच. तेरा दिवस राहिले होते, तोवर निम्म्या लोकांनी दुसरीकडे सांगून टाकलं होतं, आणि उरलेल्या निम्म्यांची ऑर्डर एकदम एका आठवड्यात आली तर भाजणी दळायला गिरणीत नंबर लागेना. आणि त्या गडबडीत विश्रामबागच्या एक काकू, शिक्षिका होत्या, आता निवृत्त, दर वर्षी न चुकता पाच किलो चकली आणि तीन किलो चिवडा नेणाऱ्या, त्यांना मेसेज गेलाच नाही. का गेला नाही तर त्यांचा नंबर माझ्या जुन्या फोनमध्ये होता, नव्यात आलाच नव्हता. दिवाळी झाल्यावर भाजी मंडईत भेटल्या. म्हणाल्या, "अगं यंदा तू विचारलंच नाहीस, मला वाटलं बंद केलंस." रागावल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. सहा वर्षांचं गिऱ्हाईक आणि माझ्याकडून एक निरोप गेला नाही.

त्याच दिवाळीत दुसरा घोळ दराचा. १४ सप्टेंबर २०२४ ला केंद्रानं खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, कच्च्या तेलावर मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के आणि रिफाइंडवर साडेबारावरून साडेबत्तीस, आणि ज्यांनी तेव्हा तळणाचा धंदा केलाय त्यांना आठवत असेल की बाजारात तेलाचे दर कसे चढले. मला चकली, शेव, चिवडा सगळ्याचे दर वाढवावे लागले. पण माझं जुनं रेट कार्ड, म्हणजे फोटो, तो लोकांच्या ग्रुपमधून फिरतच होता. एकीनं २०२२ चा फोटो पाठवला आणि म्हणाली ताई हा तुमचाच नंबर ना, यात तर वेगळाच दर आहे. मी तो दर दिला. दुसरीला पण दिला. तिसऱ्यांदा जाऊबाई म्हणाल्या की आपण असं किती जणींना देणार. फोटो एकदा हातातून गेला की तो परत बोलावता येत नाही.

मधल्या काळात एक एजन्सी पण लावून पाहिली होती. महिन्याला सहा हजार, चार महिने. पोस्ट छान करायचे, रंग छान, मराठी पण बरी होती. ऑर्डर काही वाढली नाही. तेव्हा मी त्यांनाच दोष दिला, पण खरं सांगायचं तर इन्स्टावर विचारणा आल्या होत्या, "दर काय", "मिरजेला पोचवता का", आणि त्या विचारणांचं पुढे काय झालं हे आमच्याकडे कुणालाच माहीत नव्हतं. काही मी बघितल्या, काही पुतणीनं बघितल्या, मी समजले तिनं उत्तर दिलं आणि ती समजली मी दिलं. ज्या घरात निरोप ठेवायला जागा नाही तिथे बाहेरून कितीही निरोप आणून काय उपयोग.

तर २०२४ ची दिवाळी झाली, तुळशीचं लग्न उरकलं आणि आम्ही बसलो.

ॲप घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवा, एकच नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि बिझनेसवर दोन्हीकडे एकाच वेळी चालत नाही. मी धंद्याचं नवीन सिम घेणार होते पण नऊ वर्षं लोकांकडे माझाच नंबर सेव्ह आहे, तो बदलला तर सगळं पाण्यात, म्हणून जुना नंबर बिझनेसवर नेला आणि घरच्या माणसांसाठी नवीन नंबर घेतला. नेण्याआधी बॅकअप घ्या. माझ्या जुन्या गप्पा सगळ्या आल्या नीट. ज्यांचा धंदा नवीन आहे त्यांनी पहिल्या दिवसापासून वेगळाच नंबर ठेवावा असं मी सांगेन, दुकानाचा लँडलाइन असेल तर तो पण चालतो, कोड फोन करून सांगतात.

आता यातलं सगळ्यात कामाचं काय, तर लेबल. माझ्या मते बाकी सगळं नसतं आणि नुसतं लेबल असतं तरी मी हे ॲप घेतलं असतं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या चॅटला रंगीत चिठ्ठी लावायची. ॲप आपल्याला तयार लेबलं देतं, नवीन गिऱ्हाईक, नवीन ऑर्डर, पैसे बाकी, पैसे मिळाले, ऑर्डर पूर्ण अशी, ती ठीक आहेत, पण खरी मजा आपली लेबलं करण्यात आहे. वीसच करता येतात म्हणून विचार करून करायची. आमची अशी आहेत: चटणी तिखट, चटणी मध्यम, कांदा-लसूण नको, फराळ नेहमीचे, अनारसे, रुखवत, परदेश, दुकानदार, उन्हाळी कामं, आणि एक लेबल आहे "मेसेज नको".

"कांदा-लसूण नको" याबद्दल जरा सांगते. आमच्या सांगली भागात जैन समाज मोठा आहे, त्यांच्यातल्या बऱ्याच घरांत कांदा-लसूण चालत नाही, आणि बाकीच्यांतही चातुर्मास पाळणारी घरं आहेत. आणि मी वर्षानुवर्षं सगळ्यांना एकच फोटो पाठवत होते, लालभडक कांदा-लसूण चटणीचा, वर लसणाच्या पाकळ्या पसरलेल्या. ज्यांच्या घरात लसूण येत नाही त्यांना मी वर्षातून चार वेळा लसणाचा फोटो पाठवत होते. कुणी बोललं नाही कधी, लोक चांगले आहेत, पण माझे मेसेज त्यांनी उघडायचे कशाला. आता त्या लेबलवाल्यांना फक्त बिनकांद्या-लसणाची चटणी, मेतकूट, भाजणी आणि फराळ एवढंच जातं. एका बाईनी उलटा मेसेज केला, "तुम्ही लक्षात ठेवलंत." आणि त्यांनी नंतर आपल्या मंदिरातल्या ओळखीच्या बायकांना नंबर दिला.

"मेसेज नको" पण तितकंच महत्त्वाचं. कुणी एकदा नको म्हणालं, किंवा घरात दुःखद घटना झालीये असं कळलं, की ते लेबल. वर्षभर त्यांना फराळाचा मेसेज जात नाही. ज्या घरात त्या वर्षी दिवाळी नाही तिथे "गोड करूया दिवाळी" असा मेसेज जाणं म्हणजे काय ते आपल्या माणसाला सांगायला नको. हे आधी माझ्या हातून एकदा झालंय आणि मी घरी जाऊन माफी मागितलीये.

ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच मेसेज यादीतल्या सगळ्यांना एकदम पण ज्याच्या-त्याच्या चॅटमध्ये पाठवायची सोय, त्याबद्दल बऱ्याच जणींचा गैरसमज आहे म्हणून सांगते. एका यादीत २५६ जण बसतात, आणि तुमचा नंबर ज्यांनी त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणजे तुमच्याकडे पाचशे नंबर आहेत म्हणून पाचशे जणांना जाहिरात गेली असं समजू नका. आम्ही आता प्रत्येक पाकिटावरच्या स्टिकरवर, जिथे वजन, तारीख आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर असतो, त्याच्याखाली एक ओळ टाकलीये: पुढच्या वेळी चटणी संपली की या नंबरवर कळवा, नंबर सेव्ह करून ठेवा. आणि नवीन गिऱ्हाइकाचा पहिला मेसेज आला की जे आपोआप उत्तर जातं, ग्रीटिंग मेसेज म्हणतात त्याला, त्यातही हेच विचारलंय. ते आपोआप उत्तर पहिल्यांदा मेसेज करणाऱ्याला जातं, नाहीतर मध्ये चौदा दिवस काही बोलणं झालं नसेल तर जातं. म्हणून त्यात "आमच्याकडे आपलं प्रथमच स्वागत" असं काही लिहू नका, जुन्या माणसाला पण तेच जाईल आणि त्याला वाटेल ओळखत नाहीत. मी साधं लिहिलंय, नमस्कार, मेसेज मिळाला, तळणाच्या कामात असले तर दुपारी तीननंतर उत्तर देते.

दराचा प्रश्न कॅटलॉगनं सोडवला. त्यात पाचशेपर्यंत वस्तू टाकता येतात, आम्हाला चौतीस पुरतात. फोटो, वजन, दर, दोन ओळी माहिती. आता रेट कार्डाचा फोटो कुणालाच पाठवत नाही, कॅटलॉगची लिंक पाठवते. ती लिंक कितीही ग्रुपमध्ये फिरली तरी उघडणाऱ्याला आजचाच दर दिसतो, कारण मी एका जागी बदलला की सगळीकडे बदलला. तेल वाढलं, गूळ वाढला, बेडगी महागली, रात्री बसून दर बदलला की झालं. काही वयस्कर मंडळींना लिंक उघडायला जमत नाही, त्यांच्यासाठी अजून एक फोटो ठेवलाय पण त्यावर मोठ्या अक्षरात लिहिते की हे दर अमुक तारखेपर्यंतच. तारीख नसलेला दर आमच्या घरातून बाहेर जात नाही आता.

क्विक रिप्लाय पण छान आहे, तिरकी रेघ मारून एक शब्द लिहिला की पूर्ण तयार उत्तर येतं. चटणी किती टिकते, तिखट किती, पार्सल कसं येतं, यूपीआयचा नंबर काय, रोज हेच प्रश्न. पूर्वी मी टाइप करायचे तेव्हा सकाळी उत्साहात चार ओळी आणि रात्री दमल्यावर "हो टिकते" एवढंच. आता रात्री अकरालाही उत्तर नीट जातं. मी आणि जाऊबाई दोघींच्या फोनवर तेच अकाउंट जोडलंय, एका अकाउंटला चार जादा यंत्रं जोडता येतात, त्यामुळे कुणी काय उत्तर दिलं ते दोघींनाही दिसतं. पुतणी तिच्या लॅपटॉपवर बघते.

आता गुगल शीट. ॲप बोलण्यासाठी आहे, आठवणीसाठी शीट लागतंच. ज्यांना कॉम्प्युटर येत नाही त्यांनी दोनशे पानी वही आखावी, काही बिघडत नाही, फक्त एकच वही ठेवावी. आमच्या शीटमध्ये नाव, नंबर, गाव, काय घेतलं, किती, कुठल्या तारखेला, तिखट कसं हवं, शेवटचा निरोप कधी पाठवला, आणि एक रकाना आहे "कुणाकडून कळलं". जुन्या चार वह्या, कॅलेंडरच्या मागे लिहिलेले नंबर, पोळपाटाच्या डब्यातल्या चिठ्ठ्या, जाऊबाईंच्या डोक्यात असलेलं सगळं, हे भरायला तीन आठवडे लागले. दुपारी जेवणं झाली की त्या सांगायच्या आणि मी भरायची. त्यांना कुणाच्या सुनेला काय आवडतं इथपर्यंत आठवतं. ते सगळं फक्त त्यांच्या डोक्यात होतं हे बघून मला खरंच भीती वाटली.

"कुणाकडून कळलं" हा रकाना पुतणीनं आग्रहानं टाकायला लावला. मला वाटलं होतं की पेपरात टाकलेल्या पत्रकांमुळे लोक येतात, कारण त्याच्यावर आम्ही दर दिवाळीला पैसे घालायचो. वर्षभर प्रत्येक नवीन माणसाला विचारून लिहिलं आणि २०२५ च्या दिवाळीनंतर बघितलं तर निम्म्याच्या आसपास ऑर्डरी जुन्याच लोकांच्या, उरलेल्यांत बहुतेक जागी कुणाचं तरी नाव लिहिलेलं, अमक्या वहिनींनी सांगितलं, तमक्यांच्या हळदी-कुंकवाला चिवडा खाल्ला. पत्रक बघून आलेले एका हाताच्या बोटांवर. यंदा पत्रक नाही. त्या पैशातून ज्यांच्या नावानं नवीन गिऱ्हाईक आलं त्यांच्या पुढच्या पार्सलमध्ये पन्नास ग्रॅम चटणीची पुडी जाते, सोबत चिठ्ठी, की तुमच्यामुळे अमुक जोडले गेले. हे कुणी शिकवलं नाही, रकान्यात नावं दिसली म्हणून सुचलं.

चटणीचं गणित पण शीटमुळेच जमलं. आमच्याकडे चटणी म्हणजे वर्षाची, मिरचीचा हंगाम आला की फेब्रुवारी ते मे, रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी, ती आम्ही गडहिंग्लजच्या बाजारातून आणतो. पण आता तीन-चार माणसांच्या घरात कुणी वर्षाची भरत नाही, किलो-दोन किलो नेतात आणि संपली की आठवेल तिथून घेतात. तारीख आणि वजन लिहिलेलं असलं की कळतं, चौघांच्या घरात किलो चटणी आमच्या गिऱ्हाइकांना साधारण तीन-चार महिने जाते. म्हणून तिसरा महिना संपत आला की एक मेसेज, "काकू, चटणी संपत आली असेल, पाठवू का?" एवढाच. फोटो नाही, ऑफर नाही. याला जितकी उत्तरं येतात तितकी कुठल्याच रंगीत पोस्टला आली नाहीत.

आता कॅलेंडर. मार्केटिंग कॅलेंडर म्हणून जे तयार साचे मिळतात ते इंग्रजी तारखांवर असतात आणि आपला धंदा तिथीवर चालतो, हे मला २०२४ नं शिकवलं. लक्ष्मीपूजन २०२३ ला १२ नोव्हेंबर, २०२४ ला १ नोव्हेंबर, २०२५ ला २१ ऑक्टोबर, म्हणजे दर वर्षी अकरा दिवस अलीकडे सरकत आलं, आणि यंदा २०२६ ला अधिक महिना असल्यामुळे परत पुढे गेलं, ८ नोव्हेंबर. त्यामुळे आम्ही आता जानेवारीतच भिंतीवरचं कालनिर्णय काढून शीटला वेगळं पान करतो, आधी तिथी लिहायची, मग मागे मोजत यायचं. वसुबारसेच्या सहा आठवडे आधी परदेशवाल्यांना, पाच आठवडे आधी जुन्या गिऱ्हाइकांना, चार आठवडे आधी बाकी सगळ्यांना, दहा दिवस आधी ऑर्डर बंद. ऑर्डर बंद झाली हे पण सगळ्यांना कळवते, म्हणजे कुणी ताटकळत राहत नाही.

परदेशवाल्यांचं लेबल किती कामाला आलं ते २०२५ च्या ऑगस्टमध्ये कळलं. आठशे डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली करमाफी अमेरिकेनं २९ ऑगस्टपासून काढली आणि आपल्या टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. आमच्याकडून दर वर्षी लेकीला, नातवंडांना फराळ पाठवणारी घरं आहेत, कुणी न्यू जर्सीला, कुणी टेक्सासला. बातमी आली त्याच संध्याकाळी लेबल उघडलं, त्यातल्या अमेरिकावाल्या घरांना एकेकाला मेसेज केला की पोस्टानं जाणार नाही, खासगी कुरिअरनं जाईल पण तिकडे कर भरावा लागेल, खर्च वाढेल, तुम्ही ठरवा. काहींनी कुरिअरनं पाठवलं, काहींनी यंदा इथेच कुणाला तरी द्या म्हणून सांगितलं, एका आजोबांनी पैसे परत घेतले. टपालसेवा परत सुरू झाली १५ ऑक्टोबरला आणि वसुबारस होती १७ ला. जे पोस्टाच्या भरवशावर थांबले असते त्यांच्या लेकरांना पाडव्याला काहीच मिळालं नसतं. लंडन, दुबईच्या लोकांना यातला एकही मेसेज गेला नाही, त्यांना उगाच घाबरवायचं कारण नव्हतं.

गुगलवर धंद्याची नोंद, ज्याला आधी गुगल माय बिझनेस म्हणायचे आणि २०२१ पासून गुगल बिझनेस प्रोफाइल म्हणतात, ती पण केलीये, फुकट आहे, करून टाका. घरगुती धंद्याला तिचा उपयोग दुकानाइतका नाही. नंबर तोच द्या आणि दिवाळीत वेळा बदलल्या तर तिथे पण बदला एवढंच.

फोटोंचं मात्र लक्ष द्या. आमचे चकलीचे तीनशे फोटो होते आणि पाठवायच्या वेळी एकही सापडायचा नाही. आता प्रत्येक पदार्थाचा एक अल्बम, त्यात फक्त पाच फोटो, खिडकीच्या उजेडात काढलेले, स्टीलच्या ताटात, हातात धरून एक म्हणजे आकार कळतो. नवीन चांगला निघाला की जुना काढायचा. दुसऱ्याच्या पेजवरचा फोटो कधीच वापरायचा नाही, गिऱ्हाईक फोटो बघून घेतं आणि डबा उघडल्यावर तेच दिसलं पाहिजे.

मर्यादा काय आहेत ते पण प्रामाणिकपणे सांगते. हिशेब, नफा-तोटा, मालाचा साठा यासाठी हे ॲप नाही, त्याची अपेक्षा ठेवू नका. शेकडो लोकांना रोज मेसेज करायचा विचार असेल तर करू नका, लोक कंटाळून ब्लॉक करतात, तक्रारी वाढल्या तर नंबरच बंद होऊ शकतो, आणि ज्या नंबरावर नऊ वर्षांची ओळख आहे तो गेला तर काय राहिलं. आम्ही नियम केलाय की एका घराला वर्षातून पाचच निरोप आपल्याकडून, त्यात चटणीची आठवण धरून. दुसरं म्हणजे लेबल त्याच दिवशी लावावं लागतं. उद्या लावू म्हटलं की राहिलंच. ऑर्डरीच्या दिवसांत आम्ही रात्री साडेनऊला गॅस बंद करून पंधरा मिनिटं बसतो, दिवसभराची चॅट बघतो, लेबल लावतो, शीट भरतो, मगच झोपतो. चार दिवस सोडलं की परत सगळं चिठ्ठ्यांवर येतं, हे गेल्या गौरी-गणपतीत अनुभवलंय. आणि शीट कुणालाही शेअर करू नका, त्यात लोकांचे नंबर-पत्ते आहेत, त्यांनी ते आपल्याला फराळासाठी दिलेत, दुसऱ्या कुणी मागितले म्हणून द्यायचे नाहीत. एका ओळखीच्या विमा एजंटनं मागितले होते, नाही म्हणून सांगितलं.

मार्क द्यायचे तर ॲपला पाचपैकी साडेचार, शीटला पाच. ज्यांची गिऱ्हाइकं पन्नासच्या आत आहेत त्यांनी पण आत्ताच सुरू करावं असं कळकळीनं सांगते, पन्नास नावं एका दुपारी भरून होतात, पाचशे झाल्यावर आमच्यासारखे आठवडे जातात.

त्या विश्रामबागच्या काकूंना २०२५ ला पाच आठवडे आधी पहिला मेसेज त्यांनाच केला, ब्रॉडकास्ट नाही, वेगळा. त्यांचा फोन आला. पाच किलो चकली, तीन किलो चिवडा, आणि यंदा करंज्या पण, कारण नात येणार होती. शीटमध्ये त्यांच्या नावापुढे जाऊबाईंनी लिहायला लावलंय, चकली कमी तिखट, डबा त्यांचाच आणायचा.

आणि आता अनारसे. जुन्या वह्या भरताना २०२३ चा अधिक श्रावण सापडला, कुणी जावयासाठी तेहतीस अनारसे नेले होते त्यांची सगळी नावं वहीच्या शेवटच्या पानावर होती, तिथूनच ते लेबल तयार झालं. तेव्हा लोक ऐन वेळी आले होते आणि आमचं पीठ संपलं होतं, कितीतरी जणांना परत पाठवलं. यंदा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे. अधिकात लग्नं नसतात म्हणून रुखवताचं काम थांबलेलं असेल, हात मोकळे असतील, पण तांदूळ तीन दिवस भिजवून पीठ करून मुरायला ठेवायचं म्हणजे आधीच कळायला हवं. लेबलमध्ये एकोणतीस घरं आहेत. काल रात्री जाऊबाईंनी मेसेजचा मजकूर सांगितला, मी टाइप केला, आणि सकाळी उठून बघितलं तर अकरा जणींचं "हो" आलेलं होतं, एकीनं विचारलंय की दुसरी लेक पण दिली आता, सहासष्ट मिळतील का.